‘आलेच हं’ घरात कोण म्हणतं?

“मॅडम, बोलतो हो तो, पण नुसती पोपटपंची. ‘तुला पाणी हवंय?’ विचारलं, की तोही म्हणतो, ‘तुला पाणी हवंय?’” स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पालकांकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की आता लिहायलाच हवं. त्यामागची भीती एकच असते: माझ्या लेकराला अर्थच कळत नाही का?

एका आईची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा साडेपाच वर्षांचा, कानांची तपासणी झालेली, ऐकू उत्तम येतं. कुणीतरी सुचवलं म्हणून घरच्यांनी वाक्य परत म्हटलं की “गप्प!” म्हणायला सुरुवात केली होती. मुलगा मग तेच आणखी जोरात म्हणायचा.

तिसऱ्या भेटीत आईचा फोन वाजला, ती उठली. गाड्यांची रांग लावणारा मुलगा मान वर न करता म्हणाला, “आलेच हं, दोन मिनिटं!”

“बघा,” ती हताश होऊन म्हणाली, “याचा कशाशी काही संबंध?”

माझं लक्ष त्या ‘आलेच’कडे गेलं. मुलगा असून ‘आलोच’ म्हणाला नव्हता.

“ताई, घरात ‘आलेच हं’ कोण म्हणतं?”

“मीच. बालवाडीच्या दारात. तो हात सोडत नाही ना, म्हणून.”

“आणि परत कधी येता?”

“साडेबाराला.” ती हळूच खाली बसली. फोन वाजून वाजून बंद झाला. “म्हणजे… मी उठले, म्हणून म्हणाला तो? आई चालली, असं?”

मराठीचं हे देणं मला फार मोलाचं वाटतं. आपलं क्रियापद बोलणारा बाई की पुरुष, हे बऱ्याचदा सांगून टाकतं. मूल अख्खं वाक्य उचलतं, तेव्हा ते कुणाकडून उचललं याची खूणही सोबत येते. त्या खुणेमागे गेलं, की तो प्रसंग सापडतो आणि बहुधा त्या वेळची भावनाही.

स्वमग्नतेचं पहिलं सविस्तर वर्णन 1943 साली करणाऱ्या लिओ कॅनर यांनीही हे पाहिलं होतं. 1946 च्या त्यांच्या लेखात पाच वर्षांचा एक मुलगा आहे. ‘कुत्रा बाल्कनीतून टाकू नकोस’ असं तो मध्येच म्हणे. आसपास कुत्रा नाही, बाल्कनी नाही. चौकशीत कळलं, की तीन वर्षांपूर्वी लंडनच्या हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा खाली फेकायचा आणि आई वैतागून हे वाक्य बोलली होती. तेव्हापासून काहीही फेकावंसं वाटलं, की तो या वाक्याने स्वतःलाच आवरायचा. पुढे 1981 साली बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी चार स्वमग्न मुलांचं, ऐकलेलं लगेच परत म्हणणं बारकाईने तपासलं. त्यांना त्यात सात वेगवेगळे प्रकार दिसले आणि बहुतेकांमागे हेतू होता: आपली पाळी घेणं, होकार देणं, मागणं, स्वतःला सावरणं… पोपटपंची हा शब्द मी हे वाचल्यापासून सोडला.

म्हणून गप्प करू नका. पंधरा दिवस वही ठेवा: वाक्य कोणतं, त्याआधी काय घडलं, मूळ कुणाचं. प्रत्येक वाक्याचा उगम सापडेलच असं नाही. काही वाक्यं नुसता धीर देण्यासाठीही असतात. प्रश्नांचा भडिमार कमी करा. जे वाक्य त्याने म्हणावं असं वाटतं, ते त्याच्या बाजूने बोला. ‘तुला पाणी हवंय?’ऐवजी ग्लास दाखवत ‘मला पाणी हवंय’. मुलगा असेल तर ‘मी जातो’, मुलगी असेल तर ‘मी जाते’. वाचा-उपचार तज्ज्ञांची मदत चालू ठेवा. आणि आधी येणारे शब्द गळू लागले, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

या आईने ‘दोन मिनिटं’ सोडून दिलं. दारात ती रोज खरं तेच सांगू लागली: “मी शाळेत थांबतो. खाऊ खातो. मग आई येते.” पहिले काही दिवस रडारड झाली.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. साडेबाराला तिला दारात बघून तो धावत आला होता आणि म्हणाला होता, “आई आलेच!”

“मॅडम, ‘आई आली’ म्हणायचं, असं शिकवू का त्याला?”

“आत्ता नको. त्याने तुमचं वाक्य मोडून पहिल्यांदाच स्वतःचं जोडलंय.”