अकरावीच्या वर्गात दारूविषयी बोलायचं तर

प्रिय मुला,
सप्रेम आशीर्वाद.

सहलीच्या बसमध्ये बिअरची बाटली सापडली, तिघांच्या आईवडिलांना बोलावणं गेलं आणि ‘वर्गाशी जरा बोला’ म्हणून काम तुझ्या गळ्यात आलं. पोरांना घाबरवू, की ‘घ्यायचीच तर प्रमाणात घ्या’ म्हणू, असं तू विचारतोस. माझं ऐकशील तर दोन्ही करू नकोस. दारूनं यकृत खराब होतं हे त्यांनी पाचवीपासून ऐकलंय, आणि दर गटारीला पिणारा काका ठणठणीत फिरताना डोळ्यांनी पाहिलाय. घाबरवलंस तर ती काकावर विश्वास ठेवतील. आणि सोळाव्या वर्षी ‘प्रमाणात’ म्हणजे ग्रुपमधले बाकीचे घेतील तेवढी.

त्यापेक्षा खडू हातात घे आणि त्यांच्याकडूनच गणित करून घे. 650 मिलीची स्ट्राँग बिअर, त्यात 8 टक्के अल्कोहोल. म्हणजे 52 मिली, वजनात साधारण 41 ग्रॅम. व्हिस्कीचा 30 मिलीचा एक पेग, 42.8 टक्क्यांचा, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम. ‘बिअरच तर आहे’ म्हणून एकट्यानं संपवलेली ती बाटली चार पेगांची निघते. हे उत्तर स्वतःच्या वहीत आलं की वर्ग गप्प होतो, तुला आवाज चढवावा लागत नाही. पुढची पायरीही त्यांनाच करू दे. शरीर तासाला ढोबळमानानं एवढाच एक पेग निस्तरतं. रात्री दहाला संपवलेली बाटली उतरायला दोन वाजतात, काहींना त्याहून जास्त वेळ लागतो. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांतल्या कशानंही हा वेग वाढत नाही. गाडी चालवताना 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा, हेही त्याच फळ्यावर लिही.

मग प्रमाणाचं खरं उत्तर दे. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट म्हटलंय की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. मोठ्या माणसानं हे ऐकून काय करायचं ते तो ठरवील. पण सारासार विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि लवकर सुरुवात करणाऱ्यांना व्यसन जडण्याचा धोका जास्त असतो. म्हणून या वयातला संयम म्हणजे थांबणं. आपल्या राज्याचा कायदाही बिअर-वाइनला 21 आणि बाकी दारूला 25 वर्षं सांगतो. यावर फार वेळ घालवू नकोस, पण एक कलम मात्र नीट समजावून दे. बाल न्याय कायद्याच्या 77 व्या कलमानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. दुकानातून बाटली आणून देणारा एकोणीस वर्षांचा ‘दादा’ त्यात येतो. पोरांना हे ठाऊक नसतं, आणि त्या दादालाही नसतं.

आता ज्यासाठी मी हे पत्र लांबवतेय ते. जबाबदारी शिकवायची तर मित्रापासून सुरू कर. एखादा जास्त पिऊन पडला की बाकीचे त्याला खोलीत टाकतात, दार ओढून घेतात आणि ‘झोपला की उतरेल’ म्हणतात. घरी कळेल या भीतीनं कुणी फोन करत नाही. पिणं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात चढतच असते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. उताणा झोपलेला मुलगा उलटी घशात अडकून जाऊ शकतो. म्हणून प्रत्यक्ष करून दाखव: त्याला कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा पुढे दुमडायचा, तोंड किंचित खाली. तोंडात काही ओतायचं नाही, बोटं घालून उलटी काढायची नाही, एकटं सोडायचं नाही. हलवूनही जागा होत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत चालला असेल, ओठ निळसर पडले असतील, तर 108 लावायचा. किती प्यायला ते डॉक्टरांना खरं सांगायचं. घरच्यांची बोलणी नंतर खाता येतात.

नाही म्हणायचा सरावही हवा. गळ्यात माळ असलेल्याला आपल्याकडे कुणी आग्रह करत नाही, ‘माळकरी आहे’ म्हटलं की विषय संपतो. बाकीच्या पोरांकडे असं कवच नसतं, म्हणून ती पोटदुखीची, अँटिबायोटिकची कारणं शोधतात. ‘मला नको’ एवढंच, कारण न देता, दोनदा म्हणायला शिकव. आणि आग्रह करणाऱ्यालाही दुसऱ्या नकारानंतर गप्प बसायला शिकव. माझ्या मते हे जास्त अवघड आहे आणि जास्त गरजेचंही.

बोलताना एक जपायचं. त्या वर्गात कुणाचे तरी वडील रोज पिऊन घरी येत असतील. दारुड्यांची नक्कल, हशा, असलं काही होऊ देऊ नकोस. त्या पोराला तुझ्याकडे येता आलं पाहिजे. आलाच, तर व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत हे त्याला सांग. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या ठिकाणी घरच्या माणसांशीही बोलतात. बापाची दारू सोडवणं हे पोराचं काम नाही, हे वाक्य त्याला मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकू दे.

पालकसभेत दोनच गोष्टी माग. चकणा आणि सोडा आणायला पोराला पाठवू नका. आणि रात्री कितीही वाजता ‘न्यायला या’ असा फोन आला, तर वाटेत एक शब्द न बोलता घेऊन या, जे बोलायचं ते सकाळी. वडील मंडळी कुरकुरतील. तरी कबूल करून घे.

त्या तिघांना वर्गापुढे उभं करू नकोस. आधी वेगळं बोलावून त्यांचं ऐकून घे. प्राचार्यांकडे एक नाही, दोन तास माग. पहिल्यात गणित आणि कायदा, दुसऱ्यात जिमखान्यातली सतरंजी वर्गात आणून कुशीवर झोपवायचा सराव. मुलींनाही त्यात घे, त्यांच्यावरही ही वेळ येते. काय झालं ते सविस्तर कळव.

तुझ्या
बाई