शेवटच्या पानावर लटकवलं!

प्रश्न: ताई, मी अकरावीत आहे. रिक रायोर्डनचं 'द मार्क ऑफ अथेना' काल रात्री दोनला संपवलं आणि अक्षरशः रडले, पर्सी एका हाताने कड्याला लटकलेला, दुसऱ्या हातात अ‍ॅनाबेथचा हात, आणि तो कडा सोडून देतो, दोघं टार्टारसमध्ये, म्हणजे ग्रीक पुराणातल्या पाताळात, पडतात आणि पुस्तकच संपतं! पुढचा भाग लायब्ररीतून कोणीतरी नेलाय. ही वाचकाची फसवणूक नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: अगं, तुझा राग अगदी कळतो मला. ते पुस्तक ऑक्टोबर २०१२ मध्ये आलं आणि पुढचा भाग 'द हाउस ऑफ हेडिस' थेट ऑक्टोबर २०१३ मध्ये, म्हणजे तेव्हाच्या मुलांनी पूर्ण वर्ष जीव टांगणीला लावून काढलं. पण फसवणूक मी नाही म्हणणार, कारण अ‍ॅनाबेथ ज्या मूर्तीसाठी एकटी खाली उतरते ती तिला सापडते, तिचा शोध पूर्ण होतो आणि मगच पायाखालची जमीन जाते. मला खरी चीड येते ती चारशे पानं वाचूनही एक गाठ सुटत नाही आणि वर 'पुढील भागात' म्हणतात त्या पुस्तकांची, तिथे मात्र तू म्हणतेस तेच खरं.

लायब्ररीत आजच नाव नोंदव, आणि त्याच्या पुढचा, या मालिकेचा पाचवा आणि शेवटचा भागही सांगून ठेव, तो २०१४ लाच आलाय. तोपर्यंत नेटवर पुढचं काही शोधू नकोस प्लीज, टार्टारसमधली ती प्रकरणं पहिल्यांदा पुस्तकातच वाचायला हवीत.