हमीभावामुळं तूर-हरभरा करणाऱ्याच्या हातात खरंच जास्त पैसे येतात का?

येतात, पण माल सरकारी खरेदी केंद्राच्या काट्यावर चढला तरच.

मी कागल तालुक्यातला, इथं ऊस सोडून दुसरं काय लावलं की लोक तब्येत विचारतात. २०१५ ला तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली, सरकार म्हणालं डाळी लावा, २०१६-१७ ला बोनस धरून तुरीला क्विंटलला ५,०५० हमीभाव, मग मी थोरल्या भावाशी भांडून माळाच्या दोन एकरात तूर टोकली. दादा म्हणालेला, "ऊस लाव, कारखाना न्यायला तरी येतोय."

११ क्विंटल निघाली. पण सगळ्या महाराष्ट्रानं तीच अक्कल चालवलेली. केंद्रावर आधी पीकपेऱ्याचा दाखला, सातबारा आबांच्या नावावर म्हणून त्यांचं पासबुक, मग ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे, तेपण बसलं, आणि बारदाना, म्हणजे माल भरायची पोती, संपला! दोन रात्री ट्रॉलीवर ताडपत्री पांघरून झोपलो, भाडं चढतंय ते वेगळंच. तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला ३,९०० नं घातली. क्विंटलमागं साडेअकराशे गेले त्यापेक्षा घरी आल्यावर दादा नुसतं "झाली विक्री?" म्हणाला ते जास्त लागलं.

उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, कायद्यात बसलेली, १४ दिवसांत बिल द्या असं लिहिलेलं, थकलं तर संघटना रस्त्यावर उतरती. तूर हमीभावाखाली घेतली म्हणून व्यापाऱ्याला कोण जाब विचारतोय? वर आयात. मे २०२१ ला तुरीची आयात खुली केली ती मुदत वाढवत वाढवतच नेली, डिसेंबर २०२३ ला पिवळा वाटाणा बिनशुल्क. हमीभाव जाहीर करणारं सरकार हेच, बंदरावर जहाज उतरवून घेणारंपण हेच. शहरात डाळ स्वस्त पाहिजे हे मान्य, पण माझ्या खिशातनं का?

बरं, माझं दुखणं सगळ्यांना लावू नका. त्याच वर्षी ज्यांचा नंबर लागला त्यांना पूर्ण भाव मिळाला. २०२४ ला तूर बाजारातच दहा हजारावर गेलेली, तेव्हा ७,००० च्या हमीभावाकडं कोण बघतंय. आता ऑक्टोबर २०२५ पासून ११,४४० कोटींचं डाळ मिशन आलंय, नोंदणी केलेल्यांची तूर, उडीद, मसूर चार वर्षं सगळी घेणार म्हणतात. हरभरा त्यात नाही. तेव्हा ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरनं सातबाऱ्याला पीक लावणं, आणि नोंदणी वेळेत करा, दुसऱ्यावर सोडू नका.

आणि ऊस असेल तर तो मोडू नका, ऑक्टोबरच्या लागणीत सरीच्या बगलेला हरभरा टोका. साडेतीन महिन्यात निघतोय, बेवड चांगला होतोय, म्हणजे मागच्या पिकामुळं रान कसदार होतंय. दादाला हे किती वर्षं सांगतोय, तो म्हणतोय ऊस दबतोय. काय दबत नाही, माझ्या रानात येऊन बघ म्हटलं तर येत नाही. वर्षाची तूरडाळ मात्र वहिनी आमच्याकडनंच नेतात आणि भाव अजून एकदापण विचारलेला नाही.