मत तिचं, माळ तुझी

चि. लेकरा,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर असे विषय अर्धेच राहतात, म्हणून सविस्तर लिहिते.

लग्नानंतरचा तुमचा हा पहिलाच हिवाळा. तूर कापून पडली आहे, हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे आणि थ्री फेज लाईट या आठवड्यात रात्रीची. रात्री अकराला तू बॅटरी घेऊन शेतात जातोस आणि तू परत येईपर्यंत सूनबाई जागी असते, हे तू सहज लिहून गेलास. तिनं विचारलं की शेतीला दिवसा लाईट का नाही, आणि तू म्हणालास, "ते वरचं राजकारण आहे, आपल्याला काय करायचंय?" लेकरा, इथंच मला थांबावंसं वाटलं. थंडीत बारे मोडताना पाय बधिर होतात ते तुझे, जागरण होतं ते तिचं, मग हा विषय वरचा कसा? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. गावाजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, हाच तिचा हेतू. आपला फीडर त्यात आहे का, नसेल तर कशासाठी अडलं आहे, हे ग्रामसभेत उभं राहून विचारता येतं. सूनबाईचा प्रश्न अगदी रास्त आहे. तिला गप्प करू नकोस.

आता देवाचं. तुमच्या घरात तीन पिढ्यांची माळ, आषाढी-कार्तिकी, संध्याकाळी हरिपाठ. तिचं माहेर लिंगायत, तिथं इष्टलिंग. पहाटेच्या गारठ्यात अंघोळ करून ती भस्म लावते, डाव्या तळहातावर लिंग घेऊन डोळे मिटून बसते, आणि तुझ्या आईला वाटतं की सून घरच्या देव्हाऱ्याकडे पाठ फिरवते. तू मध्ये सापडलास आणि "दोन्ही एकच गं" म्हणून विषय मिटवायला बघतोस. तो असा मिटणार नाही. दोन्ही एक नाहीत. तिची दीक्षा वेगळी, तिचे गुरू वेगळे, तिची पूजा वेगळी. ते वेगळेपण मान्य कर, मग जवळीक आपोआप दिसेल. आपल्या भागात ती फार जुनी आहे. बीडजवळच्या कपिलधारला कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींची यात्रा भरते, गावोगावच्या दिंड्या पायी जातात, टाळ-मृदंगावर अभंग म्हणतात. सोळाव्या शतकातल्या या शिवाचार्यांनी मराठीत लिहिलं, ते आजही लिंगायत घरांतून वाचलं जातं. तुझ्या आईला हे सांग. पुढच्या कार्तिकीला तू पंढरपूरला गेलास, तर चार दिवसांनी सूनबाईबरोबर कपिलधारलाही जा. मात्र तिला बरं वाटावं म्हणून तिच्या पूजेत घुसू नकोस, आणि तिनं माळ घालावी असा लाडिक आग्रहही धरू नकोस. एकाची उपासना दुसऱ्यानं करायची नसते. आईची समजूत काढणं हे तुझं काम आहे, सुनेवर ढकलू नकोस.

यापुढचं जरा कडक लिहिते.

पॅनलवाले घरी येऊन गेले. जानेवारी २०२१ मध्ये निवडून आलेल्या ग्रामपंचायतींची पाच वर्षांची मुदत २०२६ च्या सुरुवातीपर्यंतचीच, आपलीही त्यातलीच. निवडणूक लागायची तेव्हा लागेल, पण माणसं आतापासूनच हेरली जात आहेत. तुमच्या वॉर्डाची जागा महिलेला सुटेल असा अंदाज, सूनबाई बी.ए. झालेली, बोलायला धीट. ते तुझ्याशी तासभर बोलले, ती आत चहा करत होती. तू मला विचारतोस, "मावशी, तिला उभं करू का?" हे तू तिला विचारलंस का? सगळ्या मेसेजमध्ये तिचं उत्तर मला कुठं सापडलं नाही.

मी सरपंच होते तेव्हाची गोष्ट तुला ठाऊक आहे, तरी सांगते. कार्यालयात माझ्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडलेली असायची, ह्यांच्यासाठी. कुणी मांडायला सांगितली नव्हती, शिपाई आपणहून मांडायचा. तालुक्याचे साहेब आले की कागद ह्यांच्यापुढे ठेवायचे. ह्यांनी पहिल्या महिन्यातच ती खुर्ची बाहेर काढायला लावली आणि मिटिंगच्या दिवशी शेतात राहू लागले. लोक हसले, ह्यांनी हसू दिलं. पुढं लोक ओट्यावर ह्यांना गाठायचे सोडून माझ्याकडे यायला लागले. आपल्या राज्यात पंचायतींमध्ये महिलांना निम्म्या जागा २०११ पासून आहेत. इतकी वर्षं झाली तरी कित्येक गावांत सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा. तू तसला नवरा झालास तर मला फार वाईट वाटेल.

तिला उभं राहायचं असेल तर तयारी तिची तिनंच करावी, तू सोबत बस. हिवाळ्याच्या रात्री लांब असतात. रात्रपाळीची लाईट नसेल त्या आठवड्यात जेवणं उरकली की मोबाईलवर ई-ग्रामस्वराज उघडा. आपल्या गावाचा आराखडा आणि खर्च त्यावर दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) पैशात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, उरलेले ४० टक्के गावानं गरजेप्रमाणे वापरायचे होते. यादीतलं एखादं काम निवडा, समजा नालीचं, आणि सकाळी जागेवर जाऊन बघा. आहे का? असेल तर किती फूट? इतकं केलं तरी ती कोणत्याही पॅनलपुढे ताठ मानेनं बोलेल. तिला समजलं नाही असं वाटून उत्तर तू देऊ नकोस, तिला शोधू दे.

आणि पॅनलचं म्हणशील तर ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढली जात नाही. गावात रंग सगळ्या पक्षांचे उधळतात, पण कायद्यानं तिथं पक्ष नाही. त्यामुळे तू ज्या नेत्याचा स्टेटस ठेवतोस त्याच्याच माणसांच्या पॅनलमध्ये तिनं जावं, असं बंधन तिच्यावर नाही. तिला दुसरीकडून किंवा अपक्ष उभं राहावंसं वाटलं तर? तू तिच्या प्रचाराला जाशील का? याचं उत्तर आधी स्वतःशी दे, मग पॅनलवाल्यांना निरोप पाठव. मतदानाच्या खोलीतही ती एकटीच असते. कुणाला दिलंस असं घरी आल्यावर विचारायचं नाही, गंमत म्हणूनही नाही.

एक विषय तू टाळलास, पण मला तुझ्या लिहिण्यात जाणवला. गेली दोन वर्षं आरक्षणाच्या वादानं आपल्या मराठवाड्यात माणसं एकमेकांच्या हॉटेलातला चहा सोडायला लागली होती. २ सप्टेंबर २०२५ ला मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला तेव्हा तुझ्या पाहुण्यांत एक सूर होता, तिच्या माहेरी दुसरा. तुमचा ग्रुप वेगळा, त्यांचा वेगळा, आणि दोन्हीकडे सकाळ-संध्याकाळ तेल ओतणारे आहेत. त्यातला एकही व्हिडिओ जेवताना लावू नकोस. वाद मात्र टाळू नका. शासन निर्णयाचा मूळ कागद दोन-चार पानांचाच असतो, तो मराठीत असतो, दोघांनी शेजारी बसून वाचा. तुला तुझ्या भावकीच्या शेतीची दैना दिसते, तिला तिच्या भावाची भरती दिसते. दोन्ही खरं आहे, आणि तुम्ही एका ताटात जेवता म्हणून ते एकमेकांना सांगू शकता. गावात आज हे सांगू शकतील अशी दोन माणसं मिळणं कठीण झालंय. इथून जेमतेम एका दिवसाच्या वाटेवर बसवकल्याणला बाराव्या शतकात बसवण्णांचा अनुभव मंटप भरत होता. तिथं सगळ्या जातींची माणसं आणि अक्कमहादेवीसारख्या बाया एका ठिकाणी बसून प्रश्न विचारत. ते तिला माहेरात ऐकायला मिळालं असणार. तिच्याकडून ऐकून घे.

आता येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आली. कडब्याची कोप तू बांध, पाच पांडवांच्या दगडांना चुना-काव ती लावील, पूजेला मात्र जोडीनं बसा. तिच्या माहेरीही येळवस असतेच, तेव्हा तिला नवीन शिकवायला जाऊ नकोस. आंबिलाचा चर शेतभर शिंपडताना ती पुढं असू दे. शेत नसलेल्या चार घरांना आधीच बोलावणं धाड, नाहीतर ऐनवेळी ती लाजून येत नाहीत.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती फक्त रजिस्टरात होते. सूनबाईला म्हणावं, सात-आठ दिवस आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) जाऊन तारीख विचार आणि आळीतल्या बायकांना घेऊन जा. दिवसा लाईटचा ठराव तिथंच मांडता येईल. उमेदवारीचं तिनं काय ते त्या सभेनंतर ठरवावं. ठराव कसा लिहायचा ते मी दाखवीन, माझ्याकडे जुने नमुने आहेत.

येळवशीला मी येतेच आहे. बाजरीचे उंडे आणि भज्जी तुमच्याकडे, आंबिलासाठी ताक मी आणते. तिला वेगळं विरजण लावायला सांगू नकोस.

तुझी,
मावशी