फक्त बायकांसाठी असलेल्या बाइक क्लासचा खरंच काही फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय की वय ३४, उंची पाच फूट एक इंच, स्कूटर नीट येते पण गिअरची गाडी कधी हातात घेतलेली नाही, आणि घरचे म्हणतायत की वेगळा बायकांचा क्लास कशाला, रस्त्यावर काय फक्त बायकाच असणारेत का. मी दोन्ही प्रकारचे क्लास केलेत, आधी मिक्स आणि मग फक्त बायकांचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फायदा होतो. माझा तर खूपच झाला. पण लोक जे कारण सांगतात ना, की बायका-बायका असल्या की लाज वाटत नाही, मोकळं वाटतं वगैरे, ते खरं असलं तरी माझ्या मते मुख्य कारण ते नाहीच. मुख्य कारण हे की तिथे तुमच्या हातातून गाडी काढून घ्यायला कोणी नसतं.

म्हणजे काय ते सांगते. पहिल्या क्लासला आम्ही बारा जण होतो आणि त्यात मी एकटी बाई. कोणी वाईट वागलं असं अजिबात नाही, उलट सगळे फार चांगले होते, आणि तिथेच घोळ झाला. माझी गाडी बंद पडली की लगेच कोणीतरी धावत यायचं, 'थांबा थांबा, मी लावून देतो', न्यूट्रल करून, स्टार्ट करून, पहिला गिअर टाकून परत माझ्या हातात द्यायचे. वळताना तोल जरा गेला की मागून कोणीतरी गाडी धरलेलीच असायची. बाकीच्या मुलांची गाडी बंद पडली तर त्यांना कोणी हात लावत नव्हतं, ते आपले दहा-दहा वेळा बंद पाडायचे, चिडायचे, परत लावायचे आणि तेवढ्यातच शिकून जायचे. मी मात्र कोर्स पूर्ण केला, टेस्टही पास झाले, आणि एकदाही पडलेली गाडी उचलली नव्हती की चढावर बंद पडलेली गाडी स्वतःच्या हाताने सोडवली नव्हती. महिन्याभराने रस्त्यावर हळू वळण घेताना गाडी आडवी झाली तेव्हा मी तिच्याकडे बघत नुसती उभी होते, हात कुठे लावायचा तेही माहीत नव्हतं. त्यानंतर कित्येक महिने मी बाइकला हातच लावला नाही.

मग बायकांच्या क्लासला गेले. आठ जणी होतो. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी गाडी मुद्दाम जमिनीवर आडवी घातली आणि म्हणाल्या, चालवायचं नंतर बघू, आधी प्रत्येकीने ही उचलायची. गाडीचं वजन दीडशे किलोच्या आसपास. वाकून हाताने ओढायला गेलं तर कोणालाच जमत नाही, पुरुषालाही कंबर धरावी लागते. पद्धत अशी की आधी इंजिन बंद, शक्यतो गिअरमध्ये म्हणजे ती पुढेमागे घसरत नाही, उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढायचा म्हणजे उचलल्यावर पलीकडे कलंडणार नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकून खाली बसायचं, एका हातात हँडलची ग्रिप, दुसऱ्या हातात मागचा कॅरिअरचा दांडा, पाठ ताठ, आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं टाकत मागे सरकत उठायचं. सगळा जोर मांड्यांचा, हात फक्त धरायला. आमच्यातल्या सगळ्यात बारीक मुलीनेही दुसऱ्या प्रयत्नात उचलली. मी उचलली तेव्हा मला रडू आलं, खरं सांगते, कारण माझी इतक्या महिन्यांची भीती फक्त या एका गोष्टीची होती, गाडी चालवायची नव्हतीच. पडली तरी मी परत उभी करू शकते हे एकदा अंगाला कळलं की मग माणूस वळण घ्यायला घाबरत नाही.

दुसरी गोष्ट क्लच, म्हणजे डाव्या हाताचा लिव्हर, जो दाबला की इंजिनची ताकद चाकापर्यंत जात नाही. पहिल्या क्लासमध्ये सांगितलं होतं 'क्लच हळूहळू सोडा', बस. आता स्कूटरवाल्या माणसाला हळूहळू म्हणजे कुठून कुठपर्यंत हे कसं कळणार? बायकांच्या क्लासमध्ये जवळजवळ तासभर आम्ही नुसता हाफ क्लच केला. गाडी सपाट जागेवर, पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबलेला, मग इतका सावकाश सोडायचा की गाडी पुढे जरा ओढ घेते ती जागा सापडली पाहिजे, आणि तिथेच बोटं थांबवायची. परत दाबायचा, परत शोधायची. चाकं एक फूट पुढे, थांबा, एक फूट पुढे, थांबा. बोअर होतं पण गाडी बंद पडण्याचं अर्ध्याहून जास्त दुखणं इथेच संपतं, कारण यू टर्न, चढ, ट्रॅफिक हे सगळं त्या दोन बोटांच्या जागेवरच चालतं. आणि गंमत म्हणजे हा वेळ तिथे मिळाला कारण आठही जणींना तोच प्रश्न होता आणि तो विचारायला कोणी मागे राहिलं नाही. मिक्स क्लासमध्ये माझ्या एकटीसाठी तासभर कोण थांबवणार होतं अकरा जणांना.

तिसरं, शरीराच्या मापाचं. तुमची उंची तुम्ही मुद्दाम लिहिलीये म्हणून सांगते, दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत हा गैरसमज आहे. एक पाय नीट टेकला तरी पुरतं, थांबताना सीटवर जरा एका बाजूला सरकायचं आणि डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर. साध्या बाइकची सीट साधारण ७८० ते ८०० मिलिमीटर उंच असते, तुमच्या उंचीला ते जमण्यासारखं आहे. हात लहान असतील तर क्लचचा लिव्हर बोटांना लांब पडतो, मग हात लवकर दुखतो आणि बाईला वाटतं आपल्यात ताकदच नाही. बऱ्याच गाड्यांना लिव्हर जवळ आणता येतो, किंवा जवळ येणारा लिव्हर बसवता येतो, क्लचच्या केबलचा ढिलेपणाही अॅडजस्ट होतो. हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं, कारण शिकवणाऱ्या सहा फुटी माणसाला हा त्रास कधी झालाच नव्हता, त्याचा त्यात दोष नाही. बुटक्या पुरुषांनाही हेच सगळं लागतं खरं तर.

आता घरच्यांच्या मुद्द्याचं. रस्ता मिक्सच आहे, बरोबर. पण पोहायला शिकताना कोणी आधी खोल पाण्यात टाकत नाही. आणि बायकांचं वेगळं काही असलं की ते कच्चंच असतं हेही खरं नाही. स्पेनची बाइक रेसर आना कारास्को घ्या, २०१८ साली ती सुपरस्पोर्ट ३०० या रेसिंगच्या प्रकारात वर्ल्ड चॅम्पियन झाली, ती स्पर्धा मिक्स होती, पुरुषांच्या बरोबरीने धावून तिने ती जिंकली. आणि २०२४ ला फक्त बायकांची सर्किट रेसिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप पहिल्यांदा सुरू झाली तर त्यातही तीच उतरली आणि पहिली चॅम्पियनही तीच. म्हणजे दोन्ही दारं एकाच माणसाला उपयोगी पडू शकतात, एक निवडलं म्हणून दुसरं बंद होत नाही. आणि बाईने बाईला शिकवायचं, सोबत चालवायचं हे काही कालपरवाचं फॅडही नाही. अमेरिकेत मोटर मेड्स हा बायकांचा बाइक क्लब १९४० पासून आहे. त्याच्याही आधी, १९३४ च्या डिसेंबरमध्ये थेरेसा वॉलक आणि फ्लोरेन्स ब्लेंकिरन या दोघी साइडकार लावलेली बाइक घेऊन लंडनहून निघाल्या आणि सहारा वाळवंट ओलांडून १९३५ मध्ये केपटाउनला पोचल्या. यातल्या वॉलकने पुढे अमेरिकेत मोटरसायकल शिकवायची शाळाच काढली. मला ही गोष्ट फार आवडते, एवढी वाट तुडवलेली बाई शेवटी शिकवायला बसली.

पण सगळे बायकांचे क्लास चांगले असतात असं मी अजिबात म्हणणार नाही. एका ठिकाणी मी फक्त बघायला गेले होते, तिथे सगळ्यात हलकी गाडी, दुसऱ्या गिअरच्या वर नाही, जोरात ब्रेक मारायला शिकवलंच नाही 'बायका घाबरतात' म्हणून, आणि शेवटी फोटो. याने नुकसान होतं, कारण रस्त्यावर समोर कोणी आडवं आलं तर गाडी तुम्हाला बाई म्हणून सवलत देत नाही. ब्रेक मारला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवायचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, आणि तो झटका न देता आधी हलका मग घट्ट दाबायचा असतो, ही सवय मैदानातच लागायला हवी, दहा वेळा नाही, पन्नास वेळा. तसंच वळणावर जिथे जायचंय तिथे बघायचं, खड्ड्याकडे बघत राहिलं की गाडी खड्ड्यातच जाते. वेगात असताना उजवीकडे वळायला उजवं हँडल पुढे ढकलावं लागतं, हे ऐकायला उलटं वाटतं पण करून बघितलं की पटतं. हे ज्या क्लासमध्ये नसेल तो बायकांचा असो की कोणाचाही, पैसे देऊ नका.

तेव्हा नाव घालायच्या आधी फोन करून विचारा की इमर्जन्सी ब्रेकिंग घेता का, पडलेली गाडी उचलायला लावता का, एका गाडीमागे किती जणी असतात (दोनपेक्षा जास्त असतील तर वेळ नुसता रांगेत जातो), आणि शिकवणारी व्यक्ती स्वतः रोज चालवते का. शिकवणारा पुरुष असला तरी मला चालेल, फक्त तो तुमच्या हातातून हँडल घेणारा नको. आणि बेसिक पक्कं झालं की पुढचा क्लास मिक्सच करा, मीही केला. तिथे परत माझी गाडी बंद पडली, परत एक जण मदतीला आला, पण या वेळी मी म्हणाले, 'राहू द्या, मी लावते', आणि लावली. त्यालाही काही वाटलं नाही, तो आपला निघून गेला.

एक गोष्ट मात्र क्लासची वाट न बघता आजपासून सुरू करा. स्कूटरवर डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो आणि बाइकवर त्याच जागी क्लच. घाबरल्यावर हात सवयीने डावा लिव्हर आवळतो आणि बाइक थांबायच्या ऐवजी मोकळी पुढे जाते, आमच्या आठ जणींमधल्या पाच जणींचं पहिल्या दिवशी हेच झालं. उजव्या हाताला मात्र दोन्ही गाड्यांवर पुढचाच ब्रेक असतो. म्हणून मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर, कमी स्पीडला, हँडल सरळ ठेवून उजवा ब्रेक हलक्या हाताने वापरायची सवय आत्ताच स्कूटरवर लावून घ्या, रोज पाच-दहा वेळा तरी.