गर्भपात आणि भ्रूणहत्या: एकाच्या जागी दुसरा चालेल का?

सिन्नर तालुक्यातल्या एका आशाताईंचा प्रश्न आहे. उपकेंद्राच्या भिंतीवर सुरक्षित गर्भपाताची माहिती लिहायची आहे. गावातले एक जाणते गृहस्थ म्हणतात, 'गर्भपात' बरं दिसत नाही, 'भ्रूणहत्या' लिहा, अर्थ तोच. खरंच अर्थ तोच आहे का? आणि आपोआप पडलं तरी गर्भपात, करून घेतला तरी गर्भपात, असं कसं?

ताई, अर्थ तोच नाही. भिंतीवर 'भ्रूणहत्या' मुळीच लिहू नका.

आधी तुमचा दुसरा प्रश्न घेते. 'पात' म्हणजे पडणं. पाडण्याला संस्कृतात 'पातन' म्हणतात. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर तो स्राव, पाचव्या-सहाव्यात गेला तर पात. म्हणजे मुळात हा शब्द आपोआप घडणाऱ्या गोष्टीचा. मराठीत आपण 'पातन' वापरातून सोडून दिलं आणि सगळं काम क्रियापदावर टाकलं: गर्भपात झाला, गर्भपात करून घेतला. जुन्या बायकांच्या बोलण्यात हाच फरक 'पोट पडलं' आणि 'पोट पाडलं' असा चोख होता. गाय-म्हैस गाभडते, तिला कुणी दोष देत नाही. बाईला मात्र 'पडलं की पाडलं?' हे विचारणारे घरोघरी असतात, म्हणूनच 'पिशवी साफ केली' हा शब्द इतका रुळला असावा. त्यातून दोन्हींपैकी काय झालं ते कळत नाही, आणि सांगणारीला तेच हवं असतं. तिच्याशी बोलताना तुम्हीही तिचाच शब्द वापरा.

'भ्रूणहत्या' वेगळ्या घरातून आलेला शब्द आहे. धर्मसूत्रांमध्ये ते घोर पातकाचं नाव होतं. आपल्या रोजच्या बोलण्यात तो आला गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या चळवळीतून. महाराष्ट्राने या चाचण्यांवर १९८८ मध्ये कायदा केला, देशाचा कायदा १९९४ मध्ये झाला, आणि 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द पोस्टरांवर, पथनाट्यांत, शाळेच्या निबंधांत जाऊन बसला. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणं किती भयंकर आहे हे ठसवायला तो निवडला होता. पण बोलता बोलता पुढचं 'स्त्री' गळालं आणि उरलेला शब्द प्रत्येक गर्भपाताला चिकटला. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यात नुकसान बायकांचंच झालं.

गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात जा. गर्भलिंगनिदान हा गुन्हा असल्याची पाटी दारातच दिसेल. ती लावणं कायद्याने सक्तीचं आहे. गुन्हा आहे तो लिंग तपासण्याचा आणि सांगण्याचा. ती पाटी वाचून आणि बाहेर 'भ्रूणहत्या' ऐकून बाई समजते की गर्भपातच बेकायदा आहे. मग ती सरकारी दवाखाना टाळते, कुणाच्या तरी ओळखीने गोळ्या आणते, आणि रक्तस्राव थांबेना झाला की तुमचं दार ठोठावते.

कायदा काय म्हणतो तेही सांगते, कारण इथे एकेका शब्दावर खटले चालले आहेत. गर्भपात घडवून आणणं हा दंडविधानात पूर्वी कलम ३१२ खाली गुन्हा होता, आता भारतीय न्याय संहितेत कलम ८८ खाली आहे. १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा ही त्यातली सवलत आहे, त्यामुळे सवलत कुणाला हे त्यातल्या शब्दांवर ठरतं. गर्भनिरोधक फसलं तर गर्भपात करता येईल, हे त्या कायद्यात 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांच्यापुरतं होतं. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आलं. त्याच दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरेसं ठरवलं, आणि वीस ते चोवीस आठवड्यांची मुभा नियमांत नेमून दिलेल्या काही गटांतल्या स्त्रियांनाच ठेवली. त्यातला एक गट गरोदरपणात वैधव्य किंवा घटस्फोट आलेल्या स्त्रियांचा. मग लग्नच न झालेल्या मुलीचं काय? पंचवीस वर्षांच्या एका अविवाहित तरुणीला दिल्ली उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी ठरवलं की विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही, आणि नवऱ्याने केलेली बळजबरीही या कायद्यापुरती बलात्कारच धरायची.

आता तुमची भिंत. मी असं लिहीन: 'कायद्याच्या अटींत बसणारा गर्भपात हा गुन्हा नाही. तो मान्यताप्राप्त दवाखान्यात, प्रशिक्षित डॉक्टरकडूनच करून घ्या. अठरा वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरते. तिचं नाव गुप्त ठेवलं जातं.' नवऱ्याची सही कायदा मागत नाही. जागा असेल तर तेही ठळक लिहा, कारण सही आणायला म्हणून परत पाठवलेल्या बायका तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. गर्भलिंगनिदानाची सूचना दुसऱ्या भिंतीवर घ्या आणि तिथे 'गर्भलिंगनिदान' हाच शब्द वापरा. आणि त्या गृहस्थांनी 'गर्भसमापन' सुचवलं तर तेही नको. कागदावर ते ठीक आहे, पण पाणी भरायला जाताना भिंतीकडे नजर टाकणारीला ते कळायचं नाही.