आवडती मालिका संपली किंवा आवडता गायक गेला की घरचं माणूस गेल्यासारखं का वाटतं?

तुम्ही लिहिलंय की तुमची मालिका संपून दोन महिने झाले, तरी रात्री त्या वेळेला जीव कासावीस होतो. लता मंगेशकर गेल्या त्या दिवशी तुम्हाला जेवण गेलं नव्हतं. आणि घरचे विचारतात, "ते तुझे कोण लागतात?" आपल्यात काही बिघडलंय का, असा तुमचा प्रश्न आहे.

काहीही बिघडलेलं नाही. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी या एकतर्फी जवळिकीवर लेख लिहिला होता, म्हणजे हे दुखणं टीव्हीइतकंच जुनं आहे. पडद्यावरचा माणूस ठरल्या वेळेला घरात येतो, आपल्यासमोर हसतो, रडतो, भांडतो. हळूहळू तो आपल्या ओळखीचा होतो, फक्त आपण त्याच्या ओळखीचे होत नाही. मालिकेतली माणसं आठवड्यातले पाच-सहा दिवस आपल्यासोबत जेवायला असतात आणि मुंबईचा सख्खा काका गणपतीला तेवढा भेटतो. मनाला कुणाचा लळा जास्त लागणार?

लळा लागणं मला स्वाभाविक वाटतं. दुखतं ते वेगळ्या कारणाने, आणि ते कारण मला आमच्या दशावतारामुळे कळलं.

मी सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यातला. दिवाळी झाली की आमच्याकडे जत्रा सुरू होतात आणि प्रत्येक जत्रेत रात्रभर दशावतारी नाटक असतं. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर हा आडदशावतार, मग मुख्य आख्यान. सगळ्या भूमिका पुरुष करतात, तोंडाला रंग स्वतःच लावतात. हातात लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली असते, बोलणं तिथल्या तिथे सुचेल तसं. साथीला हार्मोनियम, पखवाज आणि झांज.

माझी आजी हरिश्चंद्राचं आख्यान असलं की पुढे गोणपाट टाकून बसायची. तारामती रोहिदासाला मांडीवर घेऊन विलाप करायला लागली की आजी पदराने डोळे पुसायची आणि तिच्या आजूबाजूच्या चार-पाच बायकाही. पण त्या रडण्याचा पुढे रंगमंचावर परिणाम व्हायचा. समोरची बाई रडतेय हे स्त्री पार्टी करणाऱ्या नटाला दिसायचं. मग तो प्रसंग वाढवायचा, एखादं पद जास्त घ्यायचा, पेटीवाला त्याच्या मागे जायचा. कुणीतरी उठून बक्षीस द्यायचं आणि त्याचं नाव तिथेच पुकारलं जायचं. माझ्या लहानपणी मी आजीबरोबर हुंदके देऊन रडायला लागलो की ती म्हणायची, "अरे, तो खय मेलो? सकाळी चाय पिताना गावतलो." आणि तो खरंच सापडायचा. कानामागे रंग तसाच, अंगात साधा शर्ट, टपरीवर बसलेला. आजी त्याला सांगायची, "बरा केलंस रे झिला."

म्हणजे तिला जे मिळालं त्यातलं काहीतरी तिने परत दिलं होतं. डोळ्यांतलं पाणी, बक्षिसाचे दोन रुपये, सकाळचं एक वाक्य. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला हे करता येत नाही. तुम्ही वर्षभर माया करत राहता आणि ती माया जाऊन पोचेल अशी जागाच नसते. मालिका संपते त्या दिवशी ती सगळी तुमच्याजवळ उरते. तुम्हाला जे जड वाटतंय ते हेच आहे, असं मला वाटतं.

लोक ती जागा कशी शोधतात ते मी जवळून पाहिलंय. झी मराठीवर २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरीत तिचं चित्रीकरण व्हायचं. सुरुवातीला आमच्याकडे नाराजी होती. ही मालवणी आमची नाही, कोकण म्हणजे फक्त भुतंखेतं का, असं लोक उघड बोलायचे, आणि त्यात तथ्य होतं. पण तीच माणसं ती मालिका चुकवत नव्हती, आणि पुढे बाहेरगावच्या गाड्या आकेरीत येऊन नाईकांचा वाडा कुठे म्हणून विचारायला लागल्या. त्या लोकांना नुसतं अंगणात उभं राहायचं असायचं. मला त्यात वेडेपणा कधीच दिसला नाही. देवळात गेल्यावर आपण काय वेगळं करतो?

मालिकेतले त्या वाड्याचे मालक अण्णा नाईक तर पहिल्या पर्वात पहिल्याच भागात मरतात. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात कथा मागच्या काळात गेली आणि माधव अभ्यंकरांनी तो माणूस असा उभा केला की लोकांना त्याची भीतीही वाटायची आणि त्याची ओढही. तिसऱ्या पर्वात अण्णांच्या शेवंताचं काम करणारी नटी मध्येच बदलली. अपूर्वा नेमळेकरांच्या जागी कृतिका तुळसकर आल्या आणि माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत लोक खरोखर हिरमुसले. दशावतारात असं होत नाही. हरिश्चंद्र यंदा एका कंपनीचा, पुढल्या वर्षी दुसरीचा. पात्र गावाचं असतं, नट येतात-जातात. टीव्हीवर चेहरा आणि पात्र एकजीव होतात, म्हणून तिथला बदलही जिव्हारी लागतो.

गाण्याचं थोडं निराळं आहे. ६ फेब्रुवारी २०२२ ला लताबाई गेल्या. त्यांचं एकही गाणं त्या दिवशी कमी झालं नाही, तरी आपण रडलो. माझ्यापुरतं त्याचं कारण मला माहीत आहे. त्यांची गाणी मी आधी माझ्या आईच्या आवाजात ऐकली. आमच्या घरी रेडिओवर आकाशवाणी पणजी लागायचं, आई भाताचे तण काढता काढता त्यातलं गाणं उचलायची, आणि वरच्या सुरांना तिचा आवाज पोचत नसे म्हणून ती तिथे चाल खाली घ्यायची. मूळ गाणं नीट ऐकलं तेव्हा मला तेच चुकीचं वाटलं होतं! लताबाई गेल्या म्हणाल्यावर माझ्यासमोर आली ती आई, तिचं शेत, तो रेडिओ. तुमच्याही रडण्यात त्या गाण्याभोवतीची तुमची माणसं असणार. घरच्यांना ते सांगून बघा. "ते तुझे कोण लागतात" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक त्यांच्याच घरात सापडेल.

गाण्याची आणखी एक गोष्ट म्हणजे ते आपल्याला परत म्हणता येतं. आमच्या वाडीत भजनाची डबलबारी असली की दोन बुवा समोरासमोर, दोन्हीकडे आपापले चाहते. गजरातून एक बुवा प्रश्न टाकतो, दुसरा उत्तर देतो, आणि उजाडेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. परशुराम पांचाळ बुवा, चिंतामणी पांचाळ बुवा यांच्या कॅसेटी चाकरमानी लालबाग-परळच्या खोल्यांत वाजवायचे आणि गणपतीला गावी आले की त्याच चालीवर आरतीनंतर भजनाला बसायचे. आवडीचं रूपांतर अंगमेहनतीत व्हायचं. घसा बसायचा, टाळ्या वाजवून हात लाल व्हायचे, आणि मन हलकं व्हायचं. मी स्वतः मंडळात झांज वाजवतो. कान भरून ऐकणं आणि चार माणसांत बसून वाजवणं यांत किती फरक आहे ते मला दर गणपतीत नव्याने जाणवतं.

म्हणून मालिका विसरायचा प्रयत्न करू नका, हे माझं पहिलं सांगणं. ती माया कुठेतरी पोचवा. ज्या नटाने किंवा नटीने तुम्हाला रडवलं त्यांना पत्र लिहा, आणि त्यात 'खूप छान काम' इतकंच न लिहिता कुठल्या प्रसंगात काय झालं ते लिहा. संवाद लिहिणाऱ्यालाही लिहा, त्याला कुणी लिहीत नाही. लताबाईंचं एक गाणं पूर्ण पाठ करा आणि घरात मोठ्याने म्हणा, सूर लागो न लागो. जुने भाग बघायचेच तर रात्री एकट्याने मोबाइलवर बघू नका, कुणाला तरी शेजारी बसवा. मात्र झोप उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल, कुणाशी बोलावंसंच वाटत नसेल, तर मालिकेचं निमित्त होऊन दुसरंच काही वर आलं असण्याची शक्यता असते. मग डॉक्टरांना भेटा किंवा टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि जमलं तर कार्तिकात इकडे या. कार्तिकी पौर्णिमेनंतर सावंतवाडी तालुक्यात सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा असते, आणि पुढे महिनोन्‌महिने एकामागून एक गावांच्या जत्रा चालूच राहतात. नाटकाला बसायला अंथरूण आणि शाल घरून आणा, थंडी असते. मागे बसू नका, नटाला तुमचा चेहरा दिसला पाहिजे. पहाटे नाटक आटोपलं की सरळ रंगपटात जा, कुणी अडवत नाही, आणि जो काही तुम्हाला भावला असेल त्याला तोंडावर सांगा.